सारंगखेड्याहून घोडा आणला? मग आता लढाई शोधा

अभिनंदन भो! दत्तजयंतीच्या यात्रेत तीन तास दात बघितले, भोवरे मोजले, नि शेवटी व्यापाऱ्याने सांगितले तेवढेच पैसे देऊन घोडा घरी आणला, वर रीलवर 'मावळा' असंही लिहिलं (मावळे बहुतेक पायदळात होते, पण असो).

आता घोडदळात जायचं तर आधी ठरवा, बारगीर की शिलेदार. बारगीराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा आणायचा. हप्ते तुमच्याच खात्यातून जातायत म्हणजे तुम्ही शिलेदार, घोडा गेला तर नुकसान तुमचं, तेव्हा जरा जपूनच लढा.

मग साल निवडा. माझं ऐकाल तर 1728 घ्या. बाजीरावाने जड तोफा सोबत घेतल्याच नाहीत, बऱ्हाणपूरची हूल दिली नि आपल्या खानदेशातूनच गुजरातेत घुसला, निजाम आपला तोफखाना ओढत मागे मागे, शेवटी पालखेडला रसदपाणी तोडलं नि खेळ खलास. 1761 मात्र अजिबात नको, पानिपतावर दाणावैरणीचे इतके हाल होते की घोडाच काय, स्वारही उपाशी. 1854 चं क्रिमियातलं बालाक्लावाही नको, तिथे चुकीच्या हुकुमावर सुमारे 670 इंग्रज स्वार सरळ तोफांच्या तोंडी गेले. पुढे मशीनगन आणि काटेरी तार आली, मग युरोपात घोड्याला मुख्य काम उरलं ते तोफा नि सामान ओढायचं.

घरात बायको म्हणाली ना "काय कामाचं हे जनावर", तर तिला हैफा सांगा, आजच्या इस्रायलमधलं. 23 सप्टेंबर 1918, पहिलं महायुद्ध, जोधपूरच्या भालेवाल्यांनी समोर मशीनगन असताना शहर घेतलं. त्यानंतरचं विचारलं तर मात्र विषय बदला, कारण पुढे बहुतेक रिसाल्यांनी घोडे सोडून रणगाडे घेतले. आपल्या लष्कराची पूना हॉर्स रेजिमेंटच बघा, नावात हॉर्स, 1971 च्या पाकिस्तान युद्धात बसंतरला तिचे अरुण खेतरपाल लढले ते सेंच्युरियन रणगाड्यातून. शिपायाला अजूनही 'सवार'च म्हणतात, घोडा कुठाय ते विचारायचं नसतं. खरे घोडे राहिले जयपूरच्या 61 कॅव्हलरीकडे, तिथे परेड नि पोलो. तुमचा घोडा त्यात बसेल असं मला वाटत नाही, तो परवा कुकरच्या शिट्टीला दावं तोडून कपाशीत गेला होता.

तेव्हा सध्या लग्नाच्या मोहिमा घ्या. डीजेपासून पन्नास पावलं लांब उभं राहायचं, ॲडव्हान्स आधी. आणि नवरदेव उतरताना त्याचा बूट रिकिबीत अडकतो, तेवढा धरा.