'डोळ्याची सूज म्हणजे उष्णताच': फिरत्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: डोळ्याभोवतीची सूज अंगातल्या उष्णतेने येते, सब्जाचं पाणी प्या. रांजणवाडीवर लसूण किंवा चुना लावा. मुलांचे डोळे सकाळी सुजलेले दिसले तर रात्रीचा मोबाइल बंद करा. एवढ्यानेही उतरली नाही तर मेडिकलमधून ड्रॉप आणा, डॉक्टरची गरज नाही. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. असे उपाय करून बघण्यात दिवस गेलेली माणसं आमच्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे लिहिते आहे.

"सूज उष्णतेने येते."

पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ आणि सैल. त्यामुळे सूज तिथे चटकन दिसते, मग मूळ दुखणं पापणीतलं असो, सायनसमधलं असो, थायरॉइडचं असो की किडनीचं. सब्जाचं पाणी खुशाल प्या, पण यातल्या एकाही दुखण्यावर ते औषध नाही. आम्ही आधी विचारतो ते असं: एक डोळा की दोन्ही? दुखतंय की खाजतंय? दिवसभर सारखीच असते की सकाळी जास्त? ताप आहे का? दोन्ही डोळे सुजून खाज आणि पाणी येत असेल, तर बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी असते. डोळे चोळू नका, थंड पाण्याची घडी ठेवा आणि नवीन काय वापरलं ते आठवा. केसांचा काळा रंग इथे फार वेळा सापडतो. रंग लागतो डोक्याला, पण त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाने सुजतात पापण्या, तेही एक-दोन दिवसांनी, म्हणून संबंध लक्षात येत नाही. मात्र पापण्यांबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर त्याच मिनिटाला रुग्णालय गाठायचं.

"रांजणवाडीवर लसूण किंवा चुना लावा."

चुन्याबद्दल आधी. चुना डोळ्यात गेला की बुबुळ भाजतं आणि ती जखम आत आत जात राहते. नजर कायमची जाऊ शकते. कुणाच्या डोळ्यात गेलाच तर कण काढून टाका, नळाच्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट रुग्णालयात न्या. लसणानेही पापणीची कातडी भाजते.

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेच्या ग्रंथीत झालेला जंतुसंसर्ग. तिला लागतो शेक. तळहातावर बोट घासून पापणीला लावायची आजीची पद्धत मुळात शेकाचीच, फक्त बोट स्वच्छ नसतं आणि ऊब टिकत नाही. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ रुमाल पिळून पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. बहुतेक रांजणवाड्या आठवडाभरात बसतात. फोडायची नाही, त्या दिवसांत काजळ लावायचं नाही. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल तर ती डॉक्टरांना दाखवाच. क्वचित ती पापणीच्या ग्रंथीचा कर्करोग निघते.

"मुलांचे डोळे सकाळी सुजतात ते मोबाइलमुळे."

या ओळीचा मला सगळ्यात राग येतो. मुलांना रात्री मोबाइल देऊ नये हे खरंच, पण दोनपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे दोन्ही डोळे रोज सकाळी फुगलेले दिसतात, दुपारपर्यंत उतरतात, खाज नाही, लाली नाही, हे चित्र नेफ्रोटिक सिंड्रोमचं असू शकतं. किडनीच्या गाळणीतून प्रथिनं लघवीवाटे जातात आणि अंगात पाणी साठतं. रात्री आडवं झोपल्यावर ते चेहऱ्याकडे येतं, दिवसा पायांकडे उतरतं. लघवीला फेस येतो, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक रुतू लागतं. अनेक मुलांना आधी अ‍ॅलर्जीचंच औषध मिळत राहतं. ओळखायला लघवीची साधी तपासणी पुरते, सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतही ती होते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलं औषधाला चांगली दाद देतात. आणि घसादुखी किंवा अंगावरचे फोड होऊन गेल्यावर काही आठवड्यांत चेहरा सुजला, लघवी चहाच्या रंगाची झाली, तर तो किडनीचा दुसरा आजार असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

"डॉक्टरची गरज नाही."

डोळ्याची खोबणी आणि शेजारचं सायनस यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. सर्दी-सायनसचा संसर्ग ते ओलांडून डोळ्यामागे गेला की पापणी लालभडक सुजते, ताप येतो, डोळा फिरवताना दुखतो, पुढे आल्यासारखा वाटतो, एकाचे दोन दिसतात. इथे तासांचा हिशेब असतो, कारण संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मध्यरात्र असली तरी कळवा किंवा वाशी, जे जवळ असेल तिथल्या मोठ्या रुग्णालयात जा. शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. मधुमेह असलेल्यांनी तर एका बाजूचा गाल आणि डोळा सुजून दुखू लागला की थांबूच नये. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती जणांचे डोळे नेले हे आपण पाहिलं आहे. कपाळाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ आलं आणि पापणी सुजली तर ती नागीण. तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, त्यामुळे मंत्र-उताऱ्यात तो वेळ घालवू नका.

"मेडिकलमधून ड्रॉप आणा."

अशा ड्रॉपमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून माणूस खूश होतो आणि महिनोन्‌महिने घालत राहतो. डोळ्यातला दाब मात्र वाढत जातो, काचबिंदू होतो, आणि त्यात गेलेली नजर परत मिळत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. बुबुळावर हर्पिस नावाच्या विषाणूची जखम असेल तर ती पसरते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती डोळ्यात घालू नका. मागच्या वेळची उघडलेली बाटली कपाटात असेल तर टाकून द्या.