'दूध संघ बंद करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

मोहोळ-सांगोल्याकडच्या दूधवाल्यांच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'दर खासगी डेअरीच जास्त देते. सहकाराचे दिवस संपले. संघ म्हणजे पुढाऱ्यांची कुरणं. दूध खासगीला घाला.' माझ्या गोठ्यात चार गाई आहेत आणि हे मला पटत नाही.

दर जास्त? उन्हाळ्यात दूध आटलं की खासगीवाला लिटरमागं रुपया-दोन रुपये चढवतो, हे खरं. पण पुष्टकाळात, म्हणजे दूध वाढतं त्या दिवसांत, पावडरीचा बाजार पडला की तोच दर आधी खाली येतो. एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद होती. तेव्हा सरकारनं रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं, ते सहकारी संघांचं, महानंद या राज्याच्या दूध महासंघामार्फत. गावची दूध संस्था मोडून बसलेल्यांना त्यात जागा नव्हती. दर मोजायचा तर बारा महिन्यांचा मोजा, संघ दिवाळीला देतो तो दरफरक धरून.

दिवस संपले म्हणणाऱ्यानं दुकानातला अमूलचा पुडा बघावा. मुंबईला दूध पुरवायचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे होता, भाव तोच ठरवायचा. सरदार पटेलांचा सल्ला आणि त्रिभुवनदास पटेलांचं नेतृत्व यांच्या बळावर गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी १५ दिवस दूध दिलं नाही. १४ डिसेंबर १९४६ ला त्यांचा संघ, म्हणजे आजचा अमूल, नोंदला गेला. सुरुवात दोन गावांच्या संस्था आणि रोजचं २५० लिटर दूध एवढ्यावर झाली. आपल्याकडं कोल्हापुरात गोकुळ दूध संघ १९६३ पासून उभा आहे.

राहिली कुरणं. हा आरोप मला बोचतो, कारण पॅनेलचं राजकारण मी जवळून पाहिलंय. आमच्या संस्थेत एकदा दुधाचे लागोपाठ तीन पगार थकले. चावडीवर सगळे ओरडत होते, पण सर्वसाधारण सभेला १४० सभासदांपैकी ११ जण आले. पुढच्या वर्षी आम्ही साठजण गेलो, ताळेबंद वाचून घेतला, खर्चाची एकेक बाब विचारली. सचिव बदलला, पगार दहा दिवसांवर आला. चाळीस गाईंच्या मालकाला तिथं एकच मत, आणि एका पंढरपुरी म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईलाही एकच. खासगी डेअरीनं एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कमी दाखवून दर कापला, तर तुम्ही कोणाचा ताळेबंद मागणार?

यंदाची सभा सप्टेंबरअखेरच्या आत होईल. मी ताळेबंदाची प्रत आत्ताच मागून ठेवलीय.