विमानाची गवसणी मिरजेत शिवून मिळते

आपल्या भागात कुणी भंगारातून गाडी बनवली, की गावाकडच्या गप्पांत लगेच दोन तट पडतात. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं जुन्या सुट्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. सोबत त्यांनी हेही लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ती थांबवणारच. एका तटानं कौतुक उचललं, दुसऱ्यानं नियम उचलला, आणि आठवडाभर भांडण चाललं.

विमानाच्या बाबतीत हेच भांडण त्याआधीपासून आहे. मूळचे पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उडण्याची परवानगी मिळायला २०१९, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं २०२० मध्ये. कुणी याला सरकारी छळ म्हणतं, तर कुणी म्हणतं, गच्चीवर बांधलेल्या विमानाला परवाना देताना घाई कशाला?

सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकणारा माझा भाचा पहिल्या तटातला. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तुमच्याकडं विमानवाले गॅरेजमध्ये बसून काय काय बनवतात. आमच्याकडं सायकलला मोटर लावली तरी पोलीस धरतात."

मी अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटनजवळ राहतो. चौघांनी मिळून घेतलेलं एक जुनं छोटं विमान, सेसना १७२, आमच्या वाट्याला आहे. विमान म्हटलं की गावाकडे लोकांना अंबानी आठवतात, म्हणून आधीच सांगतो: चौघांत वाटलं तर त्याचा खर्च एका बऱ्या मोटारीइतका येतो, आणि तोही जड जातो. म्हणून इथले छोटे विमानमालक जे घरी करता येईल ते घरी करतात. 'एव्हिएशन' हा शब्द चिकटला की कुठल्याही वस्तूची किंमत दुपटी-तिपटीनं वाढते. इंजिनाच्या तोंडाशी हवा आत घ्यायची दोन भोकं असतात. विमान उभं असताना त्यांत फोमचे बुच्चे बसवावे लागतात, नाहीतर वसंत ऋतूत साळुंकीच्या जातीचे पक्षी काही तासांत आत काड्यांचं घरटं करतात आणि इंजिन तापलं की ते पेटू शकतं. दुकानात या दोन बुच्च्यांना शंभर डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. सोफ्याचा फोम, लाल रेक्झिन आणि एक दुपार एवढ्यात घरी होतात.

अशा वस्तूंची गंमत सांगायची तर लेख पुरणार नाही. सेसनाच्या इंधनाच्या काट्यावर शहाणा माणूस विसंबत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मालकाकडे लाकडी पट्टी असते. टाकी रिकामी करायची, पाच-पाच गॅलन ओतायचे, दर वेळी पट्टी बुडवून खूण करायची. ही पट्टी त्याच विमानाची. शेजाऱ्याच्या विमानात ती खोटं बोलते, आणि खोटी पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की इंजिनात दमट हवेनं गंज धरतो, कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा, खराब होतो. त्यावर लोकांनी माशांच्या टाकीचा पंप वापरला. पंप हवा सिलिका जेलच्या बरणीतून कोरडी करून इंजिनात ढकलतो. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये भाजून परत वापरायचे. आजूबाजूची विमानं टॅबलेटवर दाखवणारा रिसीव्हर रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर थोडक्या खर्चात जुळवता येतो. त्याचा प्रोग्राम फुकट आहे, कुणीही उघडून वाचावा.

सगळंच कौतुकाचं नाही. हिवाळ्यात इंजिन सुरू करण्यापूर्वी गरम करावं लागतं. त्यासाठी कपडे वाळवायच्या मशीनची पन्हाळी सहलीच्या गॅस शेगडीला जोडून गरम हवा सोडणारे महाभाग मी पाहिलेत. पेट्रोलनं भरलेल्या विमानाखाली उघडी ज्योत! कितीही पैसे वाचोत, हे मी करणार नाही. केबिनमध्ये झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूसाठी घरगुती अलार्म लावणारेही असेच. अमेरिकेतला घरगुती अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासाभरानंतर, कधी चार तासांनी बोंबलतो, कारण तो झोपलेल्या माणसाला वाचवायला बनवलाय. विमान चालवणाऱ्याचं डोकं त्याआधीच गरगरायला लागू शकतं. इथे कमी पातळीला वाजणारा थोडा महाग अलार्मच घ्यावा.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येतो. त्याला वाटतं, इथे नियम सैल आहेत म्हणून लोक बनवतात. मला उलट दिसतं. इथे नियमांनी मालकाच्या हाताला नेमकी जागा आखून दिली आहे. जी वस्तू उडण्याआधी विमानातून काढून ठेवायची, ती तुम्ही कशाचीही बनवा, कुणी विचारत नाही. विमानाला जोडून वर जाणाऱ्या वस्तूला मात्र विमान खात्याचा कायदा लागू होतो. पण तिथेही मालकाला हाकलून दिलेलं नाही. देखभालीच्या नियमांना एक यादी जोडली आहे, तीसेक कामांची: टायर बदलणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस, स्पार्क प्लग साफ करणं, बॅटरी, दिव्याचा बल्ब, आसनाची गादी. पायलटचा परवाना असलेला मालक ही कामं स्वतः करू शकतो. केलं की लॉगबुकात तारीख, काम, सही आणि परवान्याचा क्रमांक लिहायचा. एखादा भागही मालक स्वतःच्या विमानासाठी बनवू शकतो, पण तो मंजूर आराखड्याबरहुकूम हवा, आणि बसवताना मेकॅनिकची सही हवी. शिवाय बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी होते ती वेगळीच.

अख्खं विमान बांधायचं असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाचं असावं लागतं. मग दारापाशी किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'प्रायोगिक' असं लिहावं लागतं. सुरुवातीचे बहुधा ४० तास ठरवलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता उडवायचं. म्हणजे सरकार बांधणाऱ्याला म्हणतं, बांध, पण धोका आधी तुझा. आणि पुढे कुणी शेजारी बसणार असेल तर त्याला वाचता येईल असं लिहून ठेव.

आपल्याकडच्या भांडणात ही मधली जागाच दिसत नाही. एकतर सगळं बंद, नाहीतर सगळ्याकडे काणाडोळा. यादवांच्या विमानाला कागद मिळायला वर्षं गेली, आणि त्याच काळात ऊसहंगामात तासगाव रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात बिनधास्त चालत होत्या. गाणी मात्र जोरात. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर वाटतात, त्याचे फोटोही येतात. लाल चकचकीत पट्टीची किंमत ती काय?

लाल पट्टीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो. उडण्याआधी काढायच्या वस्तूला, ती विसरू नये म्हणून, आम्हीही लाल पट्टी लटकवतो, आणि विमानाच्या घरगुती सामानात तिच्याइतकी स्वस्त आणि तिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते, पिटो नळी. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. विमान काही दिवस उभं होतं, नळीवर टोपण नव्हतं. मातीचं घरटं करणाऱ्या कुंभारीण माशीनं नळी बुजवली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेलं दुसरं ७५७ पडलं, ७० माणसं गेली. तिथे उलटं झालं. विमान धुताना हवेचा दाब घेणारी भोकं चिकटपट्टीनं झाकली होती, ती काढायची राहून गेली. पट्टी विमानाच्या अंगासारखीच चंदेरी. अंधारात कुणाला दिसणार?

एकीकडे झाकलं नाही म्हणून, दुसरीकडे झाकलेलं दिसलं नाही म्हणून. विमान उभं असताना शेपटीचे हलणारे भाग वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून ते जखडून ठेवणाऱ्या खिट्टीचीही हीच कथा. ३० ऑक्टोबर १९३५ ला आमच्या डेटनच्या राइट फील्डवर बोइंगचं मोठं बॉम्बर विमान खिट्टी लागलेली असतानाच उडालं आणि पडलं, दोघे गेले. उड्डाणापूर्वी यादी वाचायची पद्धत तिथून रुळली. तरीही २०१४ च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक आलिशान जेट खिट्टी न काढताच धावपट्टीवर धावलं आणि सात जण गेले. ती खिट्टी काही कुणी गॅरेजमध्ये तारेची वाकवून केली नव्हती, कारखान्यातून विमानासोबत आलेली होती. घरगुती म्हणजे धोका आणि विकतचं म्हणजे सुरक्षित, हे दुसऱ्या तटाचं गणित मला म्हणूनच पटत नाही. माझ्या विमानाची, पायलटच्या समोरच्या दांड्यात बसणारी खिट्टी जाड तारेची आहे, पण तिला हातभर लाल कापड आहे आणि ती जागेवर असताना किल्ली घालताच येत नाही. ही रचना आमच्यातल्या एका निवृत्त सुताराची.

पहिल्या तटालाही एक गोष्ट ऐकवायची आहे. "अमेरिकेत बघा, लोक स्वतःच्या हातानं काम करतात, श्रमप्रतिष्ठा आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. श्रमप्रतिष्ठा असेलही. पण मेकॅनिक तासाला शंभर डॉलरच्या पुढे घेतो, आणि शिवणारा माणूस शोधायला पन्नास मैल जावं लागतं. परवडत नाही म्हणून आम्ही स्वतः शिवतो, आणि बरेचदा वाईट शिवतो. माझे पहिले बुच्चे बघितले असते तर आमच्या आईनं सुई हिसकावून घेतली असती.

चांगले बुच्चे मला मिळाले ते मिरजेत. सुट्टीत आलो तेव्हा पुठ्ठ्याचे साचे कापून बॅगेत आणले होते. सतार-तंबोऱ्याच्या गवसण्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वाद्यांना अंगरखा चढवणाऱ्याचं नाव कुठे येत नाही. त्यांनी साचे उलटेपालटे करून पाहिले.

"हे कुठल्या वाद्याचं?"

विमानाचं म्हटल्यावर आश्चर्य वगैरे काही नाही. फोमची जाडी विचारली, ऊन किती लागतं ते विचारलं, पाणी शिवणीतून आत जाईल म्हणून शिवण खालच्या बाजूला घेतली, जे मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी माल तयार. दुकानातल्या किमतीच्या पाव पैसेही लागले नाहीत. इथल्या हँगरमध्ये आता दोघांनी साचे पाठवले आहेत. हा हिशेब पाहिला की कोण कुणाच्या मागे आहे हे मला नक्की सांगता येत नाही. हात तिकडे आहेत, आणि हातांनी केलेल्या कामाची नोंद करायची वही इकडे आहे.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ व्हावा की नाही, कराडची वाढवावी की शेतजमीन राखावी, हे वाद चालू राहतील. कराडची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झाली, आता तिच्यावरच्या चर्चेत मुंबईचं विमान किती वाजता सुटेल एवढंच असतं. माझं मत विचाराल तर मोठ्या विमानाची वाट बघण्याआधी तिथे उभ्या राहणाऱ्या छोट्या विमानांचा विचार व्हावा. आपल्याकडे ऊन कडक, पाऊस चार महिने, आणि कुंभारीण तर प्रत्येक खिडकीच्या चौकटीत. या विमानांच्या देखभालीवर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, तशी लागूच द्या. पण काढ-घालीच्या वस्तू, म्हणजे नळीचं टोपण, इंजिनाचे बुच्चे, काचेवरची चंदेरी चादर, या कॉलेजच्या पोरांनी बनवायला काय हरकत आहे? आधी इंजिनिअरला विचारायचं, मापं त्याच्यासमोर घ्यायची, कुठल्या विमानाचं टोपण ते वर लिहायचं, आणि कुणी बनवलं, कधी, हे वहीत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याला अर्थातच इंजिन बनवायचं आहे, टोपण नाही. डेटनच्या राइट बंधूंनी आधी लाकडी खोक्यातून हवा सोडून करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांचा काटा केला आणि त्यावर पंखांचे आकार तोलले, मग त्यांच्या सायकल दुकानातल्या मेकॅनिकनं इंजिन केलं, हे सांगून पाहिलं. थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, लाल पट्टी रेक्झिनची करू की कापडाची? कापडाची कर म्हटलं. रेक्झिन उन्हात ताठरतं, वाऱ्यावर फडफडत नाही, आणि न फडफडणारी पट्टी घाईतल्या पायलटला दिसत नाही.