या मुलींकडून काय मागावे, आणि किती लवकर

भारतीय महिला हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी टोकियो ऑलिम्पिकच्या वेळचे प्रशिक्षक शोर्ड मरिन पुन्हा येत आहेत, ही बातमी जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला आली आणि तेव्हापासून ओळखीतले हॉकीप्रेमी भेटले की एकच प्रश्न विचारतात: आता टोकियोसारखे पुन्हा होईल का? होऊ शकेल, असे मला मनापासून वाटते. पण ते याच वर्षी मागू नये, आणि आज ज्या मुलींच्या नावाने आपण आशा धरतो आहोत त्यांच्याकडून तर मुळीच घाईने मागू नये, असेही मला तितकेच ठामपणे वाटते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धरता येतात, हे जरा सविस्तर मांडतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात हॉकी मैदानावर दिसत नाही. शाळेत कबड्डी आणि खो-खो, शाळा सुटल्यावर मुलांचे क्रिकेट, एवढाच आमचा खेळाचा संसार. हॉकी आमच्याकडे येते ती मोबाईलच्या पडद्यावरून. त्यामुळे २ ऑगस्ट २०२१ हा दिवस आमच्यासारख्यांसाठी फार मोठा ठरला. वावरात डवरणी-निंदणाची घाई असताना सकाळीच ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले. गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि सविता पुनियाने गोलपोस्टसमोर उभे राहून उरलेला सामना राखला. पुढे अर्जेंटिनाकडून १-२ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-४ असा पराभव झाला, तरी चौथा क्रमांक ही ऑलिम्पिकमधली आपल्या महिलांची सर्वोत्तम कामगिरी होती, १९८० च्या मॉस्कोतल्या चौथ्या क्रमांकाच्या बरोबरीची. तो दिवस सगळ्यांना आठवतो. त्याआधीची आठ वर्षे मात्र कोणी आठवत नाही, आणि माझा सगळा मुद्दा त्या आठ वर्षांचा आहे.

२०१३ साली जर्मनीतल्या मोन्शेनग्लाडबाखला झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात भारताच्या मुलींनी इंग्लंडला हरवून कांस्यपदक मिळवले. सुशीला चानू कर्णधार होती. राणी रामपाल, वंदना कटारिया, दीप ग्रेस एक्का, नवनीत कौर, मोनिका या सगळ्या त्या संघात होत्या. हाच पुढच्या सीनियर संघाचा पाया ठरला. पण या पायावर लगेच काय उभे राहिले? २०१६ साली छत्तीस वर्षांनी ऑलिम्पिकला पात्र ठरून आपण रिओला गेलो आणि बारा संघांत बाराव्या क्रमांकावर राहिलो. पाच सामन्यांतून जपानविरुद्धची २-२ ही एक बरोबरी काय ती पदरात पडली. टोकियोतही पहिले तीन सामने आपण ओळीने हरलो होतो, त्यात नेदरलँड्सकडून १-५ असे. तिसऱ्या पराभवानंतर समाजमाध्यमांवर जे लिहिले गेले ते वाचवत नव्हते. त्यानंतर आयर्लंडवर १-० असा विजय आला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदनाची हॅटट्रिक आली, आणि मग ऑस्ट्रेलियाचा तो सामना. रिओत ज्यांना तळाला पाहिले त्यातल्याच बऱ्याच जणींनी ही मजल मारली. त्या वेळी कोणी रागाच्या भरात सगळा संघ बदलून टाकला असता, तर टोकियो घडलेच नसते.

टोकियोनंतरची घसरणही डोळ्यांआड करून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ असे हरून आपण पॅरिस ऑलिम्पिकला मुकलो. त्यानंतर तेव्हाच्या प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी पद सोडले, हरेंद्र सिंग आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेही गेले. दरम्यान राणीने निवृत्ती घेतली, मग वंदनाने. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये, म्हणजे जगातल्या आघाडीच्या संघांच्या वार्षिक लीगमध्ये, आपण नऊ संघांत नववे आलो आणि त्या लीगमधून बाहेर पडलो. जूनमधल्या युरोपच्या टप्प्यात एकही विजय मिळाला नाही.

या बाहेर पडण्याकडे बहुतेकांनी नामुष्की म्हणून पाहिले. मला त्यातले खरे नुकसान वेगळे दिसते. प्रो लीगमध्ये प्रत्येक संघाला हंगामात सोळा सामने मिळतात, तेही नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, चीन अशा संघांविरुद्ध. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला सर्कलमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू आल्यावर अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायची सवय असल्याच सामन्यांतून लागते; बंगळूरुच्या शिबिरात आपापसांत कितीही सराव केला तरी ती लागत नाही. ते सोळा सामने आपण नेमके अशा वेळी गमावले की जेव्हा नव्या मुलींना त्यांची सर्वांत जास्त गरज होती. लीगमध्ये परतायचे तर आता लीगबाहेरच्या संघांची नेशन्स कप ही स्पर्धा जिंकावी लागेल. २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाला आपण ती जिंकली होती, तेव्हा तो रस्ता अनोळखी नाही, पण लांबचा आहे.

आशियातल्या यशाने आपला अंदाज किती चुकू शकतो, याचे ताजे उदाहरण ज्युनिअर संघाचेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला ज्योती सिंगच्या नेतृत्वाखाली मुलींनी चीनला अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये हरवून ज्युनिअर आशिया कप राखला. गोलरक्षक निधीने त्या शूटआउटमध्ये जो धीर दाखवला तो पाहून मीही फार हरखून गेलो होतो. बरोबर वर्षभराने चिलीतल्या सँटियागोला ज्युनिअर विश्वचषक झाला. तिथे नामिबियावर १३-० असा विजय मिळवणारा आपला संघ जर्मनीकडून १-३ असा हरला, उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही आणि दहाव्या क्रमांकावर थांबला. या मुलींत गुण नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. आशियातला पहिला क्रमांक आणि जगातला पहिला क्रमांक यांच्यामध्ये अजून मोठे अंतर आहे, एवढेच यातून दिसते.

आता ज्यांच्यावर माझी आशा आहे त्यांच्याविषयी. पहिले नाव अर्थातच हिसारच्या दीपिकाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत तिने अकरा गोल केले आणि अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोलही तिचाच होता. ज्या चीनने पॅरिसला रौप्यपदक मिळवले होते त्याच चीनविरुद्ध तो होता, हे लक्षात घेतले पाहिजे. पण मला तिचा त्याहून आवडलेला गोल फेब्रुवारी २०२५ मधला, भुवनेश्वरला नेदरलँड्सविरुद्धचा. डाव्या बाजूने गोलरेषेलगत चेंडू नेत तिने तो बचावपटूच्या स्टिकवरून अलगद उचलला आणि गोलरक्षकाच्या बाजूने आत टाकला. त्या गोलला पुढे जागतिक हॉकी महासंघाचा मॅजिक स्किल पुरस्कार मिळाला. तो सामना आपण शूटआउटमध्ये जिंकलाही.

असे असूनही माझी सर्वांत मोठी काळजी दीपिकाशीच जोडलेली आहे. गुरजीतनंतर पेनल्टी कॉर्नरवर जोरकस ड्रॅगफ्लिक (चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावण्याचा फटका) मारणारी म्हणून संघ तिच्याकडेच पाहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोऊच्या आशिया कपच्या वेळी ती दुखापतीमुळे संघात नव्हती, सविताही नव्हती. अंतिम सामन्यात नवनीतने पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केला खरा, पण त्यानंतर चीनने चार गोल केले आणि आपल्याला एकही जमला नाही. त्याआधी सुपर फोर या चार संघांच्या फेरीतही चीनकडून १-४ असाच पराभव झाला होता. ती स्पर्धा जिंकली असती तर विश्वचषकाचे थेट स्थान मिळाले असते. एका मुलीच्या मांडीच्या स्नायूवर सगळ्या संघाचे भवितव्य टांगलेले असणे हा त्या मुलीवरही अन्याय आहे. मरिन यांनी सर्वांत आधी दुसरी आणि तिसरी फ्लिकर तयार करावी, असे मला वाटते, मग त्यासाठी काही सामन्यांत पेनल्टी कॉर्नर वाया गेले तरी चालतील.

दुसरे नाव ऋतुजा पिसाळचे, आणि इथे महाराष्ट्राचा माणूस म्हणून माझा पक्षपात मी लपवणार नाही. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीला पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला, तो ओडिशा वॉरिअर्सने सूरमा क्लबविरुद्ध २-१ असा जिंकला, आणि ते दोन्ही गोल साताऱ्याच्या या मुलीचे होते. आशिया कपमध्ये कोरियाविरुद्ध ४-२ असा जो विजय मिळाला त्यात शेवटचा गोल तिचा होता आणि पहिला गोल फलटण तालुक्यातल्या आसू गावच्या वैष्णवी फाळकेचा. महाराष्ट्रातल्या दोन मुली एकाच आंतरराष्ट्रीय सामन्यात भारतासाठी गोल करतात, हे आपल्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापायला हवे होते. ऋतुजाचा गुण असा की ती गोलसमोरच्या गर्दीत योग्य जागी उभी असते. ज्या गोलांची चित्रफीत कोणी पुन्हापुन्हा पाहत नाही, असले गोल ती करते. आपल्या संघाला गेली कित्येक वर्षे अशा फॉरवर्डची उणीव भासते आहे. तरीही बलाढ्य युरोपीय संघांविरुद्ध तिची परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून तिच्याबाबतही मी थोडा हात राखूनच बोलेन.

सुनेलिता टोप्पो, साक्षी राणा, मुमताज खान, ब्युटी डुंगडुंग, गोलरक्षक बन्सरी सोळंकी ही आणखी काही नावे. मुमताजने २०२२ च्या ज्युनिअर विश्वचषकात आठ गोल केले होते, आणि तरीही सीनियर संघात तिला पक्की जागा मिळवायला वेळ लागला, हेही आपण पाहिले आहे. ज्युनिअर गटातले गोल सीनियर गटात आपोआप येत नाहीत.

ब्युटी, संगीता कुमारी आणि कर्णधार सलीमा टेटे या तिघी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या. तिथल्या खेड्यांत हॉकीच्या गावस्पर्धा भरतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. तिथली पोर बांबूची काठी घेऊन खेळायला लागते, पुढे निवासी केंद्रात जाते आणि मग सिंथेटिक मैदानावर येते. ही साखळी तिथे तयार झाली म्हणून तिथून एकामागून एक मुली येतात. मेळघाटात, गडचिरोलीत, आमच्या पांढरकवड्याकडे काटक आणि चपळ पायांच्या मुली काही कमी नाहीत. त्यांच्या हातात स्टिक येत नाही, एवढाच फरक आहे. ऋतुजा आणि वैष्णवी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. विदर्भाच्या खेड्यातली मुलगी तिथपर्यंत जाण्याआधीच तिच्या घरच्यांना हा खेळ माहीत असावा लागतो. संघाची पुनर्बांधणी म्हणजे फक्त चोवीस जणींची यादी बदलणे नव्हे, ती निवडायची कुठून हाही त्याचा भाग आहे, म्हणून हे लिहिले.

वरूड-मोर्शीकडचे संत्रा बागायतदार नव्या कलमावर पहिली दोन-तीन वर्षे फळ धरू देत नाहीत. झाड फुलते, फळ लागूही शकते, पण ते काढून टाकतात, कारण त्या वयात फळांचा भार घेतला तर खोडच खुरटते. आपल्या नव्या खेळाडूंशी आपण नेमके याच्या उलट वागतो. एका स्पर्धेत चमकली की तिच्यावर पदकाचा भार टाकतो आणि पुढच्या स्पर्धेत ती ओणवली की तिला विसरतो.

मरिन यांच्या परत येण्याचे मी स्वागत करतो, आणि त्यांच्याबरोबर तंदुरुस्तीचे काम पाहणारे वेन लोम्बार्डही परत येत आहेत, याचा मला अधिक आनंद आहे. टोकियोच्या संघाने चौथ्या क्वार्टरमध्येही धावणे सोडले नव्हते, ते त्या काळातल्या मेहनतीमुळेच. मात्र २०२१ चा संघ त्यांना मिळाला तेव्हा राणी, वंदना, दीप ग्रेस अशा अनेक वर्षे एकत्र खेळलेल्या खेळाडू त्यात होत्या. आता त्यांच्याजवळ सविता, नवनीत, सलीमा, लालरेमसियामी यांच्यासारख्या मोजक्या अनुभवी आहेत आणि बाकीच्यांना अजून एकमेकींची सवय व्हायची आहे. तेव्हा निकाल लगेच तसेच येतील, असे धरून चालणे त्यांच्यावरही अन्यायाचे होईल.

मग या वर्षी मागावे तरी काय? ८ मार्च २०२६ पासून हैदराबादला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आहे. तिथून पात्र होणे हे मी नक्की मागेन, कारण घरच्या मैदानावर तेवढे या संघाच्या आवाक्यात आहे. ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक होईल. तिथे पदकाची अपेक्षा मी करणार नाही. महिला विश्वचषकातली आपली सर्वोत्तम कामगिरी १९७४ मधला चौथा क्रमांक आहे, तिथपर्यंत लगेच पोहोचू असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. मोठ्या संघाविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरनंतर आपला खेळ विस्कटतो का, आणि मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरपैकी किती गोलपोस्टच्या दिशेने तरी जातात, हे दोनच मी तिथे पाहीन. सप्टेंबरमध्ये जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. तिथले सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिस २०२८ चे थेट तिकीट, आणि ते सुवर्ण आपल्या महिलांनी १९८२ नंतर जिंकलेले नाही. चीन समोर असताना ते कठीण आहे, पण अशक्य नाही, आणि तिथे मी मनापासून आशा धरीन.

तोवर माझे एक मागणे निवड समितीकडे आहे. हैदराबादच्या संघात ऋतुजाला घ्यावे आणि तिला शेवटच्या पाच मिनिटांसाठी न ठेवता पहिल्या क्वार्टरपासून खेळवावे. दीपिका पूर्ण बरी नसेल तर तिला एका सामन्यासाठीही ओढून आणू नये, कारण तिच्यापुढे अजून दोन ऑलिम्पिक आहेत.