कात्रीचा शोध लिओनार्दोंनी लावलेला नाही

‘कात्रीचा शोध लिओनार्दो दा विंची यांनी लावला, त्याआधी सगळी कापाकापी सुरीनेच होत असे आणि भारतात कात्री आली ती इंग्रजांबरोबर,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिल्या विधानासाठी कालगणनाच पुरेशी आहे. लिओनार्दो यांचा जन्म 1452 सालचा, तर खिळ्याने जोडलेल्या दोन पात्यांची कात्री रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातच वापरात होती.

‘त्याआधी फक्त सुरी होती’ हे दुसरे विधान तर कात्रीचा निम्मा इतिहासच पुसून टाकते. खिळ्याच्या कात्रीपूर्वी कमानीची कात्री होती. धातूची एकच पट्टी मधोमध वाकवून तिच्या दोन्ही टोकांना पाती घडवलेली असत. मूठ आवळली की पाती एकमेकांवरून सरकत आणि सैल सोडली की पट्टीच्या लवचिकपणामुळे आपोआप उघडत. युरोपातील लोहयुगीन दफनांत अशा लोखंडी कात्र्या सापडल्या आहेत, तसेच चीनमध्ये हान राजवटीच्या काळातील थडग्यांतही. शिंप्याच्या मशीनजवळ धागे तोडण्यासाठी ठेवलेला छोटा कटर पाहावा, त्याची रचना नेमकी हीच असते. खिळ्यामुळे फरक पडला तो जोराचा: तरफेच्या तत्त्वामुळे जाड कापडही कमी श्रमात कापता येऊ लागले. मात्र पाती एकमेकांना घट्ट भिडलेली असावी लागतात. खिळा जरा सैल झाला, तर धार कितीही चांगली असली तरी कापड कापले न जाता पात्यांमध्ये दुमडते.

तिसरे विधान मला सर्वांत खटकते, कारण त्याचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात, म्हणजे साधारण सातव्या शतकात, शस्त्रक्रियेच्या शस्त्रांच्या वर्णनात ‘कर्तरी’ येते. स्नायू, सूत आणि केस कापण्यासाठी ती वापरावी असे सांगून तिचा आकार कसा, तर ‘कर्तरीनिभा’, म्हणजे कात्रीसारखा, एवढेच वाग्भट नोंदवतो. वैद्याच्या शस्त्राचा आकार समजावण्यासाठी रोजच्या वापरातल्या कात्रीची उपमा पुरेशी ठरते, याचा अर्थ ती वस्तू त्या काळच्या वाचकाला चांगलीच परिचित होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांतही शिवलेले अंगरखे घातलेली माणसे दिसतात.

इंग्लंडचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, परंतु ते शोधाचे नसून पोलादाचे आणि घाऊक उत्पादनाचे आहे. बेंजामिन हंट्समन यांनी 1740 च्या दशकात शेफील्ड परिसरात मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले आणि त्यामुळे पात्यांचा दर्जा सुधारला. मेरठमध्ये मात्र आजही कारागीर मोडीच्या पोलादापासून हाताने पाती घडवतात, आणि त्या कात्र्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.