भाषा काढताय? मग आधी हे वाचा

पुण्याचे पाव्हणे तुमचं मराठी ऐकून गालात हसतात, आन हिकडं बेळगावात कन्नडमधला फॉर्म भरता येत न्हाई म्हणून चार खिडक्या फिरायला लागतात, मग कशाला जीव घालवायलाय, सरळ नवीन भाषाच काढा की. भाषेवरनं भांडायचा 1956 पासनंचा अनुभव हाय आपल्याला, एवढं भांडवल दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडं हाय सांगा.

शब्द जमवायचं काय अवघड न्हाई, गणपत गल्लीत एक तास उभारला तर पोतं भरंल. खरी मेख पुढं हाय. ह्यातलं शुद्ध कोण बोलतंय हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, आन ते तुम्हीच असा.

फक्त श्लायरबाबांसारखं करू नका. हा जर्मनीतला कॅथलिक पाद्री, 1879 मध्ये ह्यानं वोलाप्यूक नावाची सगळ्या जगासाठीची बनावट भाषा काढली आन ती एवढी चालली की 1889 ला पॅरिसात अख्खी परिषद त्याच भाषेत भरली. परिषद आली म्हणजे अकादमी आली, अकादमी आली म्हणजे सुधारणा आल्याच. मंडळी म्हणाली व्याकरण जरा सोपं करूया, बाबा म्हणाले शेवटचा शब्द माझा. झालं, तट पडले, आन अकादमीतल्याच लोकांनी पुढं 1902 ला इडियम न्यूट्रल म्हणून वेगळीच चूल मांडली.

झामेनहॉफ हुशार. डोळ्याचा डॉक्टर माणूस, 1887 ला वॉर्सात एस्पेरांतो ह्या आपल्या बनावट भाषेचं पुस्तक काढलं आन भाषेवरचा हक्कच सोडून दिला. 1905 ला फ्रान्समधल्या बुलोनला ठरलं की मूळ सोळा नियमांना कुणी हात लावायचा न्हाई, खुद्द झामेनहॉफनंसुद्धा न्हाई. (सोळात अख्खं व्याकरण! आपले मराठी लेखनाचेच नियम 18 हायत, तेही बघून लिहितानासुद्धा चुकतात.) एवढा बंदोबस्त करून काय झालं? दोनच वर्षांनी, 1907 ला, जगासाठी एक भाषा निवडायला बसलेल्या पॅरिसच्या एका समितीपुढं ‘ईदो’ येऊन उभारली, म्हणजे एस्पेरांतोच, पण सुधारलेली आन डोक्यावर टोपी असलेली अक्षरं काढलेली. समितीपुढं एस्पेरांतोची बाजू मांडायला पाठवलेला माणूस म्हणजे दे बोफ्रॉं, आन नंतर त्यानंच सांगितलं की ईदोचा मसुदा माझाच होता. तेव्हा वकील नेमताना घरातला नेमू नका, घरातल्याला सगळ्या खोड्या माहीत असतात.

बोलीची काळजी तर करूच नका. एस्पेरांतोवाल्यांची खरी पंचाईत ही झाली की गोष्टीतला खेडूत बोलणार कसा, बोलीच न्हाई! मग हालव्हेलिक नावाच्या गृहस्थानं गावरान बोली घरच्या घरी तयार केली, वर 1969 ला ‘प्राचीन एस्पेरांतो’पण काढली. भाषेचं वय तेव्हा 82. आमच्या येळ्ळूरच्या आज्जीपेक्षा लहान भाषेला प्राचीन रूप!

आपल्याला असले उद्योग करायची गरज न्हाई, बोली तयारच हाय, फक्त तिला वरच्या खुर्चीत बसवायचं हाय. उदाहरण घ्या. बेळगावची पोरगी पुण्यात शिकायला जाती, फोनवर आईला सांगती “जेवलो की गं, आता झोपायलो”, आन रूममधल्या पोरी दचकून मागं बघतात, हॉस्टेलात बाप्या शिरला कुठनं म्हणून. पुढच्या दिवाळीला तीच पोरगी घरी येऊन “जेवले, झोपते आता” म्हणायला लागती, मग आई बघती, ही कुणाची लेक आलीय म्हणून. तुमच्या भाषेत पहिला नियम हाच करा: बाई असो बाप्या असो, ‘जेवलो’. ‘जेवले’ म्हणणाऱ्याला प्रेमानं सांगा, तुमचं बोलणं गोड हाय हो, पण जरा गावठी वाटतंय. हे वाक्य तुम्हाला पाठच असणार, आजवर ऐकतच आलोय आपण.

मग टिळकवाडीत उच्चारशुद्धीचा क्लास काढा. पुणेकरांना पहिल्या परीक्षेत सरसकट नापास करा, कन्नडवाल्यांना दोन मार्क ग्रेस द्या म्हणजे त्यांनाबी वाटंल भाषा आपलीच हाय, आन मराठीवाल्यांना तेवढेच दोन गुपचूप द्या. निपाणीकरांचं काय करायचं हे समितीवर सोपवा, समिती नेमली की विषय पिढ्यान्‌पिढ्या पुरतो, सीमावादावरचा महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल अजून पुरायलाय की.

फी मात्र पूर्ण आधीच घ्या. दुसरी बॅच सुरू व्हायच्या आत वडगाववाले स्वतःचा क्लास काढणार, आन शुद्ध ते आम्हीच म्हणून बोर्ड लावणार.