खडकी ते अपशिंगे, सायकलवरून

कारगिल विजय दिनाच्या सायकल रॅलीचे फोटो गावाकडून आले की त्यांच्यामागोमाग वादही येतो. एक म्हणतो, शहिदांच्या नावाचे टी-शर्ट घालून मिरवणं बंद करा. दुसरा म्हणतो, जवानांच्या घरच्यांसाठी वर्गणी काढायची, तर मग सरकार कशाला आहे? हा दुसरा प्रश्न रास्त आहे. पण म्हणून रॅलीच नको, हे मला पटत नाही.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये हा वाद होऊन गेलाय. इराक-अफगाणिस्तानात हातपाय गमावलेले सैनिक हेडली कोर्टच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात येत, तिथे त्यांच्यासाठी नीटसा पोहण्याचा तलाव नव्हता. ब्रिन पॅरी हे माजी सैन्याधिकारी आणि त्यांची पत्नी एमा यांनी २००७ मध्ये ‘हेल्प फॉर हीरोज’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी पैसे जमवायला शेकडो सायकलस्वार फ्रान्समधल्या जुन्या रणभूमींवरून निघाले. हे काम सरकारचं होतं, असं तेव्हाही लोक म्हणत होते आणि बरोबरच म्हणत होते. पण २०१० मध्ये तलाव उभा राहिला तो देणग्यांतून.

सायकल चालवणारा आधी महिनोन् महिने ओळखीच्यांकडून पैसे जमवतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या देणगीच्या पानावर सगळ्यात वर त्याच्या आजोबांच्या भावाचं नाव आणि पलटण होती. खाली कुणाचे पाच पौंड, कुणाचे वीस, आणि प्रत्येकाची एखादी ओळ. एका शेजारणीनं स्वतःच्या काकांचं नावही तिथेच लिहून टाकलं होतं.

फ्रान्समधल्या त्या वाटांवर पहिल्या महायुद्धात आपलीही माणसं पडली आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात ४७व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं संगिनी घेऊन घराघरांत लढली, त्यातली कितीतरी परतली नाहीत. तिथल्या स्मारकावर समाधीचाही ठावठिकाणा नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत, आणि मधल्या उंच स्तंभावर देवनागरी अक्षरंही. पॅरिसपर्यंत येणारे पुणेकर लीलजवळच्या या गावी फारसे वळत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. पेन्शन, उपचार, अपंगत्वाचा भत्ता हे सरकारी तिजोरीतूनच आलं पाहिजे. कामी आलेल्या अग्निवीराच्या आईला पेन्शन नाही, ही उणीव कुठल्याही रॅलीनं भरून निघणार नाही.

पण त्यापलीकडेही करण्यासारखं बरंच आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचं जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं, कचेऱ्या आणि शाळा ते पूर्ण करतात. पैसे जमतात, पण देणाऱ्याला कळत नाही कुणासाठी दिले. म्हणून खडकीहून साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीला सायकली निघाव्यात असं मला वाटतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान गेले. कात्रज आणि खंबाटकी चढण्याआधी प्रत्येकानं ठरलेली रक्कम जमवावी, ती सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी, आणि पैन् पैचा हिशेब अपशिंग्याच्या ग्रामपंचायतीत लावावा. टी-शर्ट खुशाल घाला. कुणी पुढाकार घेत असेल तर पहिली देणगी माझी.